वैद्यबुवांचा बोथट चाकू

फार फार वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात एक वैद्य राहत होते. गावाला दुसरा वैद्य नव्हता. शहरात होता, पण तिकडे जायचं तर मधला डोंगर चढून उतरावा लागे. तापाने फणफणलेल्या माणसाने डोंगर कसा चढायचा, ते ज्याचं त्याने बघावं.

वैद्यबुवा उजव्या हाताची तीन बोटं रोग्याच्या मनगटावर ठेवत, डोळे मिटत आणि आत काय बिघडलंय ते सांगत. पहिल्या बोटाला वात कळे, मधल्याला पित्त, तिसऱ्याला कफ. त्यांचं निदान सहसा चुकत नसे. म्हणून लोक म्हणत, ही बोटं काही एकट्या बुवांची नाहीत, साऱ्या गावाची आहेत.

आता दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकणाऱ्या माणसालाही काही विरंगुळा हवा की नको? उतारवयात बुवांना लाकूड कोरायचा छंद लागला. निमित्त झालं पोरांचं. कडू काढा दिसला की पोरं घर डोक्यावर घेत. बुवांना वाटलं, काढा पिणाऱ्याच्या हातात एक लाकडी पोपट द्यावा.

गावच्या सुताराने त्यांना पांगाऱ्याच्या मऊ लाकडाचा तुकडा दिला आणि एक छोटा चाकू दिला.

"बुवा, लाकडाची रेघ जिकडं जाते तिकडंच कापत जायचं," तो म्हणाला. "आन् चाकूला रोज धार लावायची. धार नसंल त्या दिवशी लाकडाला हातच लावू नका."

पहिला पोपट थेट वांग्यासारखा झाला. दुसराही वांगंच होता, फक्त त्याला चोच होती. बुवा तो हातात धरून पोट धरधरून हसले. त्यांच्या बायकोने हे हसणं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिला फार बरं वाटलं.

थोड्याच दिवसांत चाकू बुवांच्या अंगठ्याला जरासा लागला. त्यांनी हळद भरली आणि जखम लगेच मिटलीही. पण बायकोला काळजी लागली. आज अंगठा, उद्या नाडीचं बोट कापलं तर?

तिला सरळ सांगायचं होतं, की मला भीती वाटते. पण बुवांनी छंद सोडला असता आणि ते हसणंही गेलं असतं. ते तिच्या जिवावर आलं. सरळ बोलायचं नसलं की माणूस आडवाट धरतो. तिनेही धरली.

"अहो, सकाळी तुमच्याकडे माणसं येतात," ती म्हणाली. "चाकूला धार मी लावून ठेवत जाईन."

रोज सकाळी ती चाकू घेऊन परसात जाई, धुण्याच्या दगडावर पातं उभं घासून बोथट करी आणि घरात येऊन म्हणे, "लावली हो धार."

मुरलेला कारागीर असता तर त्याने आधी पातं बघितलं असतं. बुवा पडले नवशिके. लाकूड कापलं जाईना, नुसतं चेंगरू लागलं, तेव्हा त्यांनी आपल्याच हाताला दोष दिला. "म्हातारपणी शिकायला घेतलं की हात जडच चालायचा," असं म्हणून ते आणखी जोर लावत. चाकू फारसं कापत नाही हे पाहून बायको मात्र निर्धास्त झोपत असे.

एके दिवशी दुपारी बुवा पोपटाची मान कोरत होते. पोपट कुंभाराच्या तापकरी मुलीसाठी होता. मानेशी लाकडाची रेघ वळते, तिथे चाकू अडला. बुवा डावखुरे. डाव्या हातात चाकू, उजव्या हातात लाकूड. त्यांनी जोर केला, तरी तो पुढे सरकेना. मग खांद्यापासून रेटा दिला. बोथट पातं लाकडावरून घसरलं आणि त्या सगळ्या रेट्यानिशी उजव्या हाताच्या पहिल्या बोटात घुसलं.

बायको धावत आली. बुवांनी स्वतःच जखम धुतली आणि जखमेच्या कडा निरखून पाहिल्या.

"अगं, हे कापलेलं नाही, फाटलेलं आहे," ते म्हणाले. "धारेची जखम अशी नसते. चाकू आण बघू."

तिने चाकू आणला नाही. ती म्हणाली, "मीच बोथट केला. रोज करत होते. तुमच्या बोटांसाठीच."

बुवा रागावले असते तर तिला सोसलं असतं. ते एवढंच म्हणाले, "आणि मला वाटत होतं, माझाच हात वाईट. म्हणून मी रोज जोर वाढवत गेलो."

"सांगितलं असतं तर तुम्ही छंद सोडला असता."

"सोडला असता, नाहीतर जपून केला असता. पण माझ्या हातात काय आहे, ते मला ठाऊक तर असतं!"

ती रडली.

बोट भरून आलं, पण त्यातली जाण गेली. मुलीला पुन्हा ताप भरला म्हणून कुंभार तिला घेऊन आला तेव्हा बुवांनी तिचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि काही वेळाने हात उचलला.

"मला पुरतं कळत नाही," ते म्हणाले.

हे शब्द त्या ओसरीवर कधी कुणी ऐकले नव्हते. कुंभाराने डोंगराकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. त्याचं तोंड उतरलं.

"अगं, इकडे ये," बुवांनी बायकोला हाक मारली. "माझ्या बोटांशेजारी तुझं बोट ठेव."

"मी? माझ्यामुळेच तर हे झालं."

"ठेव. जे लागेल ते जसंच्या तसं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस."

तिने बोट ठेवलं. "नाडी बारीक आहे... वाकडीतिकडी पळते... मध्येच अडखळते."

"नक्की?"

"नक्की. तशीच लागते."

बुवांनी काढा दिला. मुलीचा ताप हळूहळू उतरला. पण बायकोचं बोट तयार व्हायला वर्षं गेली. तोवर कितीतरी आजारी माणसांना डोंगर चढावा लागला, आणि त्यांतले काही परत आलेच नाहीत. ते ती जन्मभर विसरली नाही. ज्याच्या मनगटावर तिने बोट ठेवलं, त्याला ऐकायला कितीही कठीण असलं तरी तिने खरं तेच सांगितलं.

तात्पर्य: ज्याची काळजी वाटते त्याला आपली भीती उघड सांगावी, त्याच्या नकळत त्याचं हत्यार बोथट करू नये.