दवाखान्याखालचा ओहोळ

शिरगोंडच्या दवाखान्याच्या पोटातून ओहोळ वाहतो, तो हा पाहा. वर आजारी माणसे, खाली पाणी. अशी इमारत कुणी मुद्दाम बांधत नाही. जुनी माणसे तिची हकिकत सांगतात ती अशी.

राणीच्या राज्यात या भागाला विटकम नावाचा गोरा साहेब होता. कचेऱ्या, शाळा, पूल, सगळ्यांचे नकाशे तोच काढी. नऊ वर्षांत त्याच्या एकाही भिंतीला तडा गेला नाही, म्हणे. हा दवाखाना त्याचा सर्वांत लाडका. भिंती छपराला भिडल्या होत्या, आणि पंधरा दिवसांनी कलेक्टर उद्घाटनाला यायचा होता.

इथेच हणमव्वा नावाची वडारीण दगड फोडायची. तिची वस्ती खालच्या अंगाला. टेकडीवरचे पावसाळी पाणी आजवर याच जागेवरून निघून जाई. भिंत वाढली तसे हणमव्वाच्या ध्यानात आले. आता ते पाणी वस्तीत शिरणार, आणि झोपडीत तिची लेक बाळंतीण.

तिने मुकादमाला सांगितले. तो हसला. "साहेबाच्या नकाशाला आता तू शिकवणार होय गं?"

"नकाशा उन्हाळ्यात काढलाय, दादा. पाणी पावसाळ्यात येतंय."

हे बोलणे साहेबाच्या कानी गेले. त्याने पखालवाल्याला बोलावले आणि चढावर बारा पखाली रित्या करवल्या. पाणी भिंतीला टेकले, जरा घुटमळले, मग वळून वस्तीच्या वाटेला लागले. हणमव्वा त्याच्यामागे चालली. तिच्यामागे साहेब, टोपी हातात घेऊन. झोपडीच्या दारात बसलेल्या लेकीने तान्ह्याला उराशी धरून पाय वर घेतले.

परत येऊन त्याने पहार मागितली.

मुकादम घाबरला. "साहेब, कलेक्टर यायचेत!"

"कलेक्टर थांबेल. पाणी थांबणार नाही."

मधल्या भिंतीचा पहिला दगड साहेबाने स्वतः काढला. मृगाआधी तिथे कमान उभी राहिली आणि पावसाचे पाणी तिच्याखालून गेले. पावसात उरलेले काम अडले आणि उद्घाटन दिवाळीपलीकडे गेले. साहेबाची बढतीही गेली, असे सांगतात. त्याने कधी कुरकुर केली नाही.

आजही शिरगोंडात घर बांधायचे झाले, की पाया खणण्याआधी उतारावरच्या खालच्या घरातल्या बाईला मानाने बोलावतात. ती जागेवर घागर ओतते आणि पाण्यामागे चालते. तिच्यामागे घरमालक, मग तो पाटील का असेना, अनवाणी. तिने "बांधा" म्हटल्याशिवाय कुदळ पडत नाही.