शैलवतीचे कोरडे टाके

पूर्वी भद्रकल्पात, भगवान काश्यप बुद्धांच्या परिनिर्वाणाला सहस्र वर्षे लोटली असता, दंडकारण्याच्या पश्चिम सीमेवर काळ्या कातळात कोरलेला चंद्रकूट नावाचा महाविहार होता. त्याच्या सभामंडपासमोर स्फटिकासारख्या जलाने बारमाही भरलेले एक टाके होते आणि त्या जलाची राखण पर्वतवासिनी यक्षिणी शैलवती करीत असे. या मंडपात जो कोणी पूर्ण सत्य उच्चारून मला साक्षीला बोलावील त्याला मी ओ देईन, असे वचन तिने साक्षात भगवंतांना दिले होते. सहस्र वर्षांत तिला फारसे कोणी बोलावले नव्हते, ही गोष्ट निराळी.

त्या विहाराचे अधिपती महास्थविर अमृतघोष. त्यांच्या मुखातून करुणेचा उपदेश स्रवू लागला की हरिणे चरायची थांबत, राजे मुकुट उतरवून ठेवीत आणि अंतरिक्षात देवगण पुष्पांच्या परड्या घेऊन दाटी करीत. देवांनाही वाणीची भुरळ पडते. वाणीमागचा माणूस पाहण्याची तसदी ते क्वचितच घेतात.

भिक्षुणीसंघाची ज्येष्ठ आर्या वासुला मात्र पावसाळी मुक्कामाच्या त्या वर्षावासात क्षणभरही स्वस्थ नव्हती. ध्यानाला बसावे तर श्वास चुके, पाणी भरायला जावे तर घडा अर्धाच भरून ती परत फिरे. श्रावणात तिची तरुण शिष्या मेघला रडत तिच्याकडे आली होती. म्हणाली होती, “आर्ये, महास्थविरांनी विशेष उपदेशासाठी मला एकटीला आपल्या गुहेत बोलावले. माझ्या चीवराला हात घातला. ‘लज्जा हेच अखेरचे बंधन, ते गुरूच्या हाती सोड,’ असे म्हणाले. मी पळून आले.”

आणि वासुलेने काय उत्तर द्यावे? “महापुरुषांचे आचरण आपल्या बुद्धीपलीकडचे असते, मुली. झाकली मूठ सव्वा लाखाची. मौन धर.”

मेघलेने मौन धरले. अमृतघोषांनी मात्र धरले नाही. या भिक्षुणीने मला मोहात पाडण्याचा यत्न केला, सबब वर्षावास संपताच तिचे चीवर उतरवून तिला अरण्यात घालवावे, असा निवाडा त्यांनी दिला. मेघलेच्या पित्याने ती घर सोडून निघाली तेव्हाच तिच्या नावाने तिलांजली दिली होती. चीवर गेले की तिला या पृथ्वीवर उभे राहायला जागा नव्हती. कुंपणच शेत खाऊ लागल्यावर शेताने दाद कोणाकडे मागावी?

आश्विन पौर्णिमेला प्रवारणेचा विधी आला. या दिवशी प्रत्येकाने संघापुढे हात जोडून तीन वेळा विनवायचे, की माझा दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल वा शंकिला असेल, तर अनुकंपेने बोला. तिन्ही वेळा संघ मौन राहिला, तर विनवणारा शुद्ध. मात्र भिक्षुणीने भिक्षूचा दोष कदापि उच्चारू नये असाही नियम होता. तो भगवंतांनी घातला की त्यांच्यामागे कोणी घुसडला, याचा निर्णय पंडितांनी करावा.

सूर्य कलताना अमृतघोष उभे राहिले. पहिल्यांदा विनवले. मौन. दुसऱ्यांदा विनवले. मौन. देवांनी सवयीने ओंजळी भरल्या. तिसऱ्यांदा विनवताच शेवटच्या रांगेतून वासुला उठली.

“भन्ते, मला बोलायचे आहे.”

मंडपात कल्लोळ उसळला. “स्त्रीने स्थविराचा दोष काढावा? धर्म बुडाला!” असे चाळीस कंठ एकदम गर्जले.

“धर्म बुडाला तो श्रावणात,” वासुला म्हणाली, “आणि आपण सर्वांनी तो बुडताना मंगलगाथा म्हटल्या. महास्थविरांनी संघाला विचारले आहे. मी उत्तर देते. मेघला निर्दोष आहे. दोष महास्थविरांचा आहे.”

अमृतघोष मंद हसले. “भगिनी, तू हे पाहिलेस की ऐकलेस?”

“ऐकले.”

“मग सत्यक्रिया कर. शैलवतीला साक्षीला बोलाव.”

वासुला टाक्याच्या काठी गेली. “मेघलेने मला सांगितले ते खरे आहे. या सत्याने, हे यक्षिणी, ओ दे!”

पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. भिक्षू हसू लागले. मेघलेने मान खाली घातली आणि आपल्याच हाताने चीवराची गाठ सोडायला घेतली.

ती गाठ पाहून वासुलेचे काळीज फाटले. तिला कळले की यक्षिणी बहिरी नाही, सत्यच अर्धे आहे. बारा वर्षे तिने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला होता, आणि अजूनही दाबलेले तोंड ती पुरते उघडत नव्हती.

“ऐकले नाही, पाहिले!” ती ओरडली. “बारा वर्षांपूर्वी त्याच गुहेत, तेच शब्द, माझ्याशी! मी पळू शकले नाही. पुढे मला ज्येष्ठपद मिळाले आणि मी गप्प राहिले. सारे ठाऊक असून या मुलीला उपदेशाला मीच धाडले, ती रडत आली तेव्हा मौनही मीच शिकवले. हेही सत्य आहे. या साऱ्या सत्याने ओ दे!”

पर्वत हंबरला. टाक्याचा तळ दुभंगला, पाणी घोंगावत कातळात शिरले आणि पूर्वेच्या उतारावर, भिक्षुणींच्या तोकड्या गुहांपुढे, झरा होऊन फुटले. वर्षानुवर्षे ज्या साऱ्या विहारासाठी पाणी वाहत होत्या, त्यांच्या पायांशी ते आपणहून आले. कातळातून शैलवतीची वाणी उमटली:

“अमृतघोषा, मेघ फुटले तरी तुझ्या आसनापुढचे हे टाके भरणार नाही. तुझी वाणी गोड राहील. तहान कोणाचीच भागवणार नाही. वासुले, वर माग.”

“धाकट्यातल्या धाकटीला नावाने विचारल्यावाचून,” वासुला म्हणाली, “या विहारात कोणाचेही मौन शुद्धीचे गणले जाऊ नये.”

“तथास्तु.”

मेघलेने गाठ पुन्हा बांधली. अमृतघोष चाळीस शिष्यांसह पलीकडच्या डोंगरावर गेले. तिथेही हरिणे चरायची थांबत, असे सांगतात. काही देवही परड्या घेऊन तिकडेच गेले.

पुढल्या आश्विनात झऱ्याकाठी वासुलेने हात जोडून तीन वेळा विनवले. सर्वत्र मौन होते. मग वरानुसार तिने शेवटच्या आसनाकडे वळून विचारले, “मेघले, तू?”

मेघला उठली. “आर्ये, मी पाहिले आहे. मी रडत आले तेव्हा आपण मला मौन शिकवलेत. संघापुढे आपण ते बोललात. माझ्यापाशी अजून बोलला नाहीत.”

ज्येष्ठेने उत्तर ऐकून संपेपर्यंत उभे राहायचे, हा परिपाठ चंद्रकूटावर तेव्हापासून पडला. मेघलेला बरेच सांगायचे होते. वासुला त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत उभी होती.