न उठणारे पारडे

एका राज्यात दर पाडव्याला राजाने तराजूत उभे राहायचे, असा रिवाज होता. तराजू एवढा मोठा, की त्याच्या दांडीवर मोर रांगेने झोपत. एका पारड्यात राज्याची काळी शिळा, दुसऱ्यात राजा. तिथे उभे राहून त्याने वर्षाचा जमाखर्च सांगायचा : काय येणार, काय जाणार, कुणाला काय मिळणार. बोल खरा असेल तर पारडे जमिनीला टेकून राही. पोकळ निघाला, की राजासकट वर जाई. लोक हसत, राजा ओशाळे, आकडा सुधारून पुन्हा खाली येई. दूरदेशीचे सराफ ते पारडे बघूनच राज्याच्या कर्जाच्या हुंड्या विकत घेत. असा शहाणा रिवाज होता, आणि शहाणे रिवाज राजांना फार दिवस मानवत नाहीत.

राजा सुमेध मनाचा चांगला, पण त्याला टाळ्यांची भारी हौस. एका पाडव्याला तो जरा जास्तच बोलला आणि इतका वर गेला, की दांडीवरचे मोर उडून गेले. लोक पोट धरून हसले. राजाने डोंगरावरच्या मायावी खर्पराला बोलावले.

"पारडे उठणार नाही असे करा."

"त्याला वजन लागेल, महाराज."

"कुठूनही घ्या."

कुठून, ते राजाने विचारले नाही. टाळ्यांची घाई झालेला माणूस असले काही विचारीत नाही.

पुढच्या पाडव्याला राजाने जकात माफ केली. पारडे ढिम्म. त्याच्या पुढच्या वर्षी घरटी एक दुभती गाय देऊ केली. पारडे ढिम्म. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "आपला कोश काठोकाठ भरलेला आहे." तरीही ढिम्म. हुंड्यांचे भाव चढले, नगरी आनंदाने नाचली. गाय मात्र कुणाच्याच दारात आली नाही. ज्याला त्याला वाटे, माझी शेजाऱ्याने लाटली असेल. पारडे कसे खोटे सांगेल?

आणि राजकन्या इंदुलेखा हलकी होत गेली. आधी ती गवतावरून गेली तरी गवत वाकेना. मग ती जिना तरंगत उतरू लागली. तिसऱ्या पाडव्यानंतर ती छतालाच टेकली, तेव्हा दासींनी तिच्या कमरेला रेशमी दोर बांधून तो पलंगाशी जखडला. ती वर केस मोकळे सोडून झुलत राही आणि बापाकडे बघून हसे. राजाला ते हसणे बघवत नसे.

चौथा पाडवा जवळ आला, तसा एक धनेश पक्षी सज्ज्यावर येऊन बसला.

"राजा, तुझ्या मुलीचे वजन तुझ्या पारड्याखाली आहे. आणखी एक पोकळ बोल, आणि दोर तुटेल. मग छतही तिला अडवणार नाही."

राजा एकटाच डोंगर चढून गेला. तिथे धुके ओणवे होऊन झऱ्याचे पाणी पीत होते आणि खर्पर ओल्या सावल्या उन्हात वाळत घालीत होता.

"माझी मुलगी परत दे. अर्धे राज्य घे."

"मला काही नको, महाराज. तीन बोल बोललात, ते तिन्ही परत घ्या. त्याच तोंडाने, त्याच जागी."

अमात्य देवसोम कोश सांभाळी. हे ऐकून तो म्हणाला, "सराफ हुंड्या फेकून देतील. बाजार कोसळेल. लोक दगड मारतील."

"आणि बोललो नाही तर?"

देवसोमाने वर छताकडे पाहिले. इंदुलेखेला मुळाक्षरे त्यानेच शिकवली होती.

"बोला, महाराज," तो म्हणाला.

पाडव्याला इंदुलेखेने हट्ट धरला, की माझ्यासाठी बोलायचे तर मी समोर हवी. देवसोमाने दोर आपल्या मनगटाला गुंडाळला आणि तिला चौकात आणले. ती ध्वजांच्याही वर, निळ्या आभाळात तरंगत होती. सगळा चौक माना वर करून बघत राहिला.

"जकात पुन्हा लागेल," राजा म्हणाला. चौकात कुरकुर उठली. इंदुलेखा ध्वजांपर्यंत उतरली.

"गायी नाहीत. कधी नव्हत्याच."

"मग माझी गाय गेली कुणाकडे?" एक तांबट ओरडला.

"कुणाकडेच नाही."

तांबटाने शेजाऱ्याकडे पाहिले. दोन वर्षे दोघे बोलत नव्हते. शेजाऱ्याने मान खाली घातली. इंदुलेखा कमानीपर्यंत उतरली.

आता तिसरा बोल. पुढच्या रांगेत सराफ हुंड्या मांडीवर घेऊन बसले होते. राजाने त्यांच्याकडे पाहिले. "कोश... थोडासा..." तो म्हणाला, आणि दोराचा एक पदर तटकन तुटला. इंदुलेखा हिसक्याने वर गेली. देवसोम ओढला गेला, त्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या.

"बाबा!"

"रिकामा आहे!" राजा ओरडला. "कोश रिकामा आहे. मी रिकामा केला. टाळ्यांसाठी केला."

पारड्याखालचे वजन निघून गेले. आता तिथे राजा आणि त्याचा बोल, एवढेच उरले. दांडी थरथरली. पण पारडे उठले नाही.

इंदुलेखेचे पाय जमिनीला लागले. "बाबा, फरशी भाजते!" म्हणत ती एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारू लागली.

राजाला धावत जावेसे वाटले. पण जमाखर्च उरला होता, आणि तो संपल्याशिवाय उतरायचे नाही. डोळे पुसत त्याने शेवटचा आकडा सांगितला. कुणी टाळी वाजवली नाही. हुंड्यांचे भाव निम्म्यावर आले. मग एक म्हातारा सराफ उठला, त्याने टेकलेल्या पारड्याकडे नीट बघून घेतले, आणि त्या भावाने दोन हुंड्या विकत घेतल्या. त्याच्यामागून आणखी एक उठला.

राजा पारड्यातून उतरला तो थेट मुलीकडे. तापल्या फरशीवरून त्याने तिला उचलले. तीन वर्षांत तिची उंची वाढली होती, अंग भरले होते, हे तोवर कुणाला कळलेच नव्हते. राजाच्या कंबरेत कळ आली. तरी महालाच्या दारापर्यंत त्याने तिला खाली ठेवले नाही.