ओस कुरण

एका राज्यात एक डोंगर होता, आणि त्या डोंगराचा एक नियम होता. हिवाळ्यात बर्फ पडलं की वरची हरणं राजवाड्यामागच्या कुरणात उतरायची, आणि बर्फ वितळेपर्यंत त्यांच्यावर कोणी बाण उचलायचा नाही. राजाने नाही, रंकाने नाही. पोटापर्यंत रुतलेलं हरीण पळणार तरी कुठे? त्याला मारण्यात कसली आली मर्दुमकी!

पण राजपुत्र चंद्रकेतू पडला लाडोबा. आईबाप लहानपणीच गेलेले, थोरली बहीण मेखला हिने त्याला तळहाताच्या फोडासारखा जपलेला. एके वर्षी बर्फ लवकर पडलं. भाऊबीजेला मेखलेने त्याला ओवाळलं, कपाळी गंध लावलं, आणि गंध वाळायच्या आत हा पठ्ठ्या धनुष्य घेऊन कुरणात गेला. बर्फात अडकलेल्या हरिणीवर त्याने बाण सोडला.

दरबारचा मांत्रिक कालजंघ याच घडीची वाट बघत होता. नियम पाळणाऱ्यावर त्याचा मंत्र चालत नसे. आता चालला.

"राजपुत्रा, तीन हिवाळे हरीण होऊन काढ," मांत्रिक म्हणाला. "तिसऱ्या हिवाळ्याची होळी पेटेपर्यंत जगलास तर माणूस होशील. मेलास तर राज्य माझं."

राजपुत्राचा बारशिंगा झाला आणि कळपात मिसळला. कपाळावर गंधाच्या जागी पांढरा ठिपका राहिला, तेवढीच ओळख.

पहिला हिवाळा कडक गेला, दुसरा त्याहून कडक. बर्फ कंबरभर, वारा सुरीसारखा. कळप कुरणात उतरला तेव्हा हरणांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. त्या साली पाडसं बहुतेक गेलीच. मेखला रोज सज्जात उभी राहायची. पांढऱ्या ठिपक्याचं डोकं वर दिसलं की मगच तिच्या घशाखाली घास उतरायचा.

मग तिसरा हिवाळा आला आणि नवलच झालं. बर्फ पडलंच नाही. पौषात ऊन पडलं, माघात धूळ उडाली, ओढ्याची करंगळीएवढी धार उरली. मेखला सज्जात उभी राहिली, पण कुरणात एक खूर उमटला नाही. फाल्गुन लागला तरी कुरण ओसच.

"आली नाहीत, म्हणजे उरलीच नाहीत," मेखला म्हणाली आणि मटकन खाली बसली.

कालजंघ हात जोडून पुढे आला. आवाजात साखर घोळलेली. "राजकन्ये, अजून वेळ गेलेली नाही. कळप वर भुकेने तडफडतो आहे. कोठारातला गहू घे, तीन खिंडी ओलांड, आणि होळीच्या आत भावाला आपल्या हाताने पोटभर खाऊ घाल. मात्र तिन्ही खिंडींत माझे राखणदार आहेत. त्यांच्यापासून जप."

बुडत्याला काडीचा आधार. मेखलेने गव्हाचं गाठोडं पाठीला बांधलं, स्वतःसाठी तूप लावलेल्या तीन भाकरी घेतल्या, आणि होळीच्या दिवशी पहाटेच ती डोंगर चढू लागली.

पहिल्या खिंडीत गिधाड बसलं होतं. पंख लोंबलेले, मान पडलेली.

"कोण जातं? मांस आणलंस?" गिधाडाने विचारलं.

"नाही. भाकरी आहे."

मेखलेने एक भाकरी त्याच्यापुढे ठेवून दिली, पण गिधाडाने ती नुसती हुंगली आणि तोंड फिरवलं. "जा बाई. तुला अडवायला उडावं लागेल, आणि उडायला अंगात बळ नाही."

दुसऱ्या खिंडीत लांडगा आडवा पडला होता. पोट पाठीला लागलेलं. मेखलेने भीत भीत भाकरी पुढे केली. त्याने वरचं तूप तेवढं चाटलं आणि डोळे मिटले.

"जा," तो म्हणाला. "यंदा पायांत त्राण नाही. कोरड्या जमिनीवर कोणाच्या मागे धावून बघ म्हणजे कळेल."

मेखलेच्या मनात आलं, एवढे दांडगे राखणदार उपासमारीने असे झाले, मग माझ्या चंद्रकेतूचं काय झालं असेल? ती रडत रडत वर चढली.

तिसऱ्या खिंडीत डोमकावळा होता. तो इतका वाळला होता की पिसांचाच भार त्याला झेपत नव्हता. मेखलेने तिसरी भाकरी चुरून त्याच्यापुढे ठेवली. स्वतःसाठी काही उरलं नाही. डोमकावळ्याने आधाशासारखं सगळं खाल्लं, चोच पुसली आणि तिच्याकडे तिरपं पाहिलं.

"रडतेस का?"

"माझा भाऊ भुकेने मरतो आहे."

"भुकेने आम्ही मरतो आहोत!" डोमकावळा खेकसला. "मेलेल्यांवर जगणारी आमची जात. बर्फ पडलं की हरणं रुततात, थकतात, मरतात, आणि आमची दिवाळी होते. यंदा बर्फ नाही. जमीन टणक, वाळलेलं गवत उघडं, दक्षिणेच्या उतारावर दिवसभर ऊन. तुझी हरणं खाली कशाला उतरतील? मौजेत आहेत मेली! साऱ्या हिवाळ्यात एक पाडस नाही पडलं."

मेखला बघतच राहिली. मग तिथेच, त्या धुळीत बसून ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका फुटला.

"थांब, हसू नकोस," डोमकावळा म्हणाला. "मी मांत्रिकाचा पक्षी आहे. त्याने मला आज मेजवानी कबूल केली आहे. पण तुझी भाकरी खाल्ली, खाल्ल्या मिठाला जागलं पाहिजे. पाठीवरचा गहू भावाला देऊ नकोस. हिवाळाभर हरणाचं पोट सुक्या गवतावर आणि सालींवर चालतं. त्यात एकदम धान्य पडलं की पोट फुगतं आणि हरीण आडवं होतं. मांत्रिकाच्या हाती मंत्र होते, आभाळ नव्हतं. बर्फाने दगा दिला, म्हणून त्याने तुझी माया कामाला लावली."

खिंड ओलांडली तर पलीकडे सगळा उतार हरणांनी भरलेला! गेल्या पावसाळ्यात जन्मलेली पाडसं उंडारत होती, हरिणी सावकाश चरत होत्या, आणि मधोमध पांढऱ्या ठिपक्याचा बारशिंगा उभा होता. चांगला गुटगुटीत झाला होता लेकाचा.

त्याला गव्हाचा वास गेला. तो चालत आला आणि गाठोड्याला नाक लावलं. मेखलेने गाठोडं मागे ओढलं. तो पुन्हा आला, तिचा हात चाटू लागला. ज्या हाताने त्याला पहिला घास भरवला, तो हात तिने मुठीत आवळून धरला. तिसऱ्यांदा त्याने मान तिच्या मांडीवर टाकली आणि असं पाहिलं की दगडालाही पाझर फुटावा. मेखलेने गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि सरळ त्याच्यावर बसली. "नाही देणार," ती म्हणाली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण ती हलली नाही.

सूर्य टेकला. खाली गावात होळी पेटली. त्या क्षणी बारशिंग्याची शिंगं गळून पडली आणि समोर चंद्रकेतू उभा राहिला, कपाळावर ओलं गंध. आणि मंत्र उलटला: तिकडे दरबारात सिंहासनाची पायरी चढणाऱ्या कालजंघाच्या डोक्यावर शिंगं फुटली. तो चार पायांवर डोंगराकडे पळाला, तो थेट लांडग्याच्या खिंडीत. लांडगा तर हिवाळाभर उपाशीच होता.

"ताई," चंद्रकेतू म्हणाला, "तीन वेळा मागितलं, तरी दिलं नाहीस."

"आता घरी चल. पोटभर खीर करते."

त्याच गव्हाची खीर झाली. त्याने तीन वाट्या खाल्ल्या, पण पहिली वाटी हातात घेऊन तो आधी कुरणात गेला आणि जिथे ती हरिणी पडली होती तिथे डोकं टेकून आला. पुढचा उन्हाळा कोरडाच होता, पण चंद्रकेतूला डोंगरातला झरा न् झरा तोंडपाठ झालेला. त्याने गावाला पाणी दाखवलं, आणि हरणांचं हरणांना ठेवलं.

तेव्हापासून त्या राज्यात हिवाळ्यात कुरण ओस राहिलं तर कोणी रडत नाही. लोक डोंगराकडे पाहून हात जोडतात आणि म्हणतात, वर सगळी खुशाल आहेत.