टिचकीची आई खणात

अंगठ्याएवढी एक चिचुंद्री होती. तिचं नाव टिचकी.

नाक लांबच लांब. डोळे म्हणजे दोन मोहऱ्या. आवाज केवढा? चिक् चिक्. बस्स, एवढाच.

चिचुंद्रीची पिल्लं कशी चालतात, ठाऊक आहे? आईला तोंडानं धरून. आई पुढे, पिल्लू मागे. तुरुतुरु, लुटुलुटु.

आई म्हणायची, "शेपूट सोडू नकोस हं."

टिचकी म्हणायची, "म्हम्."

तोंडात शेपूट! बोलणार कशी?

दोघी राहायच्या एका लहानशा दवाखान्यात. तिथे एक ट्रॉली होती. ट्रॉली म्हणजे चाकांवरचं टेबल. वर बाटल्याच बाटल्या. खाली एक खण. खणात कापूस. पांढरा, मऊ, गुबगुबीत कापूस.

एकदा खण उघडा राहिला. आई आत शिरली. कापसात घर करू म्हणाली. मागून टिचकी चढू लागली.

तेवढ्यात आले हैबतकाका. हैबतकाका म्हणजे दवाखान्यातले पट्टी बांधणारे काका. मोठं पोट, मोठ्या मिशा. पोटाखालचं काही त्यांना दिसलंच नाही. त्यांनी खण लावला.

धप्प!

शेपूट सुटलं.

आई आत. टिचकी बाहेर.

काकांनी ट्रॉली वळवली. भिंतीकडे ढकलली. खणाचं तोंड भिंतीला टेकलं. ढकलताना एक चाक सैल झालं. डगडग, डगडग.

मग काकांनी काय केलं असेल? चाकाला पट्टी बांधली!

हैबतकाकांचं हे असंच. गुडघा फुटला? पट्टी. खुर्ची मोडली? पट्टी. केरसुणी सुटली? पट्टी. घड्याळ बंद पडलं? त्यालाही पट्टी! घड्याळ काही चाललं नाही. पण काकांना सांगणार कोण?

टिचकी फटीत शिरली. खणाला नाक लावलं. आईचा वास आला. आतून आवाज आला.

चिक्. चिक्. चिक्.

तीनदा.

टिचकी म्हणाली, "खणदादा, खणदादा, उघड ना. माझी आई आत आहे."

खण म्हणाला, "मी नाही उघडत. माझं तोंड भिंतीला टेकलंय. आधी ट्रॉलीला सरकू दे."

टिचकी निघाली. तुरुतुरु, लुटुलुटु. पुढे आई नव्हती. तोंडात शेपूट नव्हतं. तोंड कसं रिकामं रिकामं लागत होतं.

ती ट्रॉलीकडे गेली.

"खण उघडेना,
आई भेटेना.
ट्रॉलीताई, सरक ना! चिक् चिक्."

ट्रॉली म्हणाली, "मी नाही सरकत. माझं चाक अडलंय. आधी चाकाला फिरू दे."

टिचकी निघाली. तुरुतुरु, लुटुलुटु. ती चाकाकडे गेली.

"ट्रॉली सरकेना,
खण उघडेना,
आई भेटेना.
चाकदादा, फिर ना! चिक् चिक्."

चाक म्हणालं, "मी नाही फिरत. मला पट्टीनं बांधलंय. आधी पट्टीला सुटू दे."

टिचकीनं कान दिला. खणातून आवाज आला.

चिक्. चिक्.

दोनदाच.

आई दमली की काय? आईला भूक लागली की काय? माझंच चुकलं, तिला वाटलं. आई म्हणाली होती, सोडू नकोस. मीच सोडलं.

चाकावर पट्टी होती. गोल गोल, घट्ट घट्ट.

"चाक फिरेना,
ट्रॉली सरकेना,
खण उघडेना,
आई भेटेना.
पट्टीमावशी, सूट ना! चिक् चिक्."

पट्टी म्हणाली, "मी नाही सुटत. मी सुटले, की चाक निखळलं. चाक निखळलं, की ट्रॉली आडवी. धाडकन! सगळ्या बाटल्या फुटतील. चाकाला धरून ठेवणारं एक कडं हवं. आधी काकांना कडं करू दे."

टिचकी निघाली. तुरुतुरु, लुटुलुटु. पाय दुखले. नाकाला धूळ लागली. शिंक आली. च्छिक्! पण ती थांबली नाही.

हैबतकाका स्टुलावर बसले होते. दोन्ही कानांवर दोन हात.

"पट्टी सुटेना,
चाक फिरेना,
ट्रॉली सरकेना,
खण उघडेना,
आई भेटेना.
हैबतकाका, कडं करा ना! चिक् चिक्."

"काय गं?" काका म्हणाले. "मोठ्यानं बोल, ऐकू येईना!"

टिचकी मोठ्यानं बोलली. मोठ्यानं म्हणजे, चिक् चिक्. काकांना 'कडं करा' एवढंच ऐकू आलं.

काका म्हणाले, "मी न्हाई करत. कसं करू? त्या बकुळीनं भोकाड पसरलंय. माझे कान किटले. मला काय बी सुचंना. आधी बकुळीला थांबू दे."

टिचकीनं कान दिला. खणातून आवाज आला.

चिक्.

एकदाच.

टिचकी धावली. तुरुतुरुतुरुतुरु!

बाकावर बकुळी बसली होती. बकुळी तीन वर्षांची. अंगणात पडली, गुडघा फुटला. तिची आई केसपेपरच्या रांगेत उभी. आणि बकुळी बाकावर.

"आँऽऽऽ! आँऽऽऽ!"

खिडकीच्या काचा थरथरत होत्या. टिचकी बाकाखाली उभी राहिली.

"काका कडं करेनात,
पट्टी सुटेना,
चाक फिरेना,
ट्रॉली सरकेना,
खण उघडेना,
आई भेटेना.
बकुळीताई, थांब ना! चिक् चिक्."

बकुळी म्हणाली, "मी नाही थांबत! माझा गुडघा दुखतो! मला मऊ कापूस पाहिजे! आधी कापसाला येऊ दे! आँऽऽऽ!"

कापूस? कापूस कुठे बरं?

तुम्हाला आठवलं ना? टिचकीला पण आठवलं. तिनं फटीकडे पाहिलं.

पण करते काय! ती निघाली. तुरुतुरु. लुटुलुटु. हळूहळू. पुन्हा फटीत शिरली. पुन्हा खणाला नाक लावलं.

"बकुळी थांबेना,
काका कडं करेनात,
पट्टी सुटेना,
चाक फिरेना,
ट्रॉली सरकेना,
खण उघडेना,
आई भेटेना.
कापूसमामा, ये ना! चिक् चिक्."

आतून कापूस बोलला. अगदी मऊ आवाजात. "मी कसा येऊ, बाळा? मी तर खणात. आधी खणाला उघडू दे."

"आणि माझी आई?"

कापूस म्हणाला, "आहे माझ्या कुशीत. डोळे मिटून पडलीय. हाका मारून मारून दमली."

टिचकीनं कान दिला. एक नाही, दोन नाही. खणातून आवाजच आला नाही.

आता कुणाकडे जायचं? खणाकडे? खणाकडूनच तर ती निघाली होती! खण उघडला तर कापूस येणार. कापूस आला तर बकुळी थांबणार. आणि बकुळी थांबली तरच खण उघडणार. गोल गोल, गोल गोल. कुठून जायचं? दारच नाही.

टिचकी फटीतून बाहेर आली. खोलीच्या मधोमध आली. खाली बसली. आता तिनं खणाचं नाव घेतलं नाही. चाकाचं घेतलं नाही. पट्टीचं घेतलं नाही. तिनं तोंड उघडलं आणि रडली.

"आई! आई! आई!"

एवढंसं रडणं. बकुळीच्या रडण्यापुढे बोटाएवढंही नाही.

बकुळी रडता रडता खाली वाकली. आपल्यापेक्षा लहान कुणीतरी रडतंय, असं तिनं कधी पाहिलंच नव्हतं. दवाखान्यात नेहमी तीच सगळ्यात लहान असायची.

"आँऽऽ..."

"आँऽ..."

"आँ?"

बकुळी थांबली.

ती म्हणाली, "माझी आई रांगेत आहे. तुझी कुठे आहे?"

टिचकी म्हणाली, "माझी आई खणात आहे."

बकुळीनं नाक पुसलं. "मी येते हं तुझ्याबरोबर, माझी आई येईपर्यंत," ती म्हणाली. बाकावरून उतरली. फुटका गुडघा, तरी उतरली. लंगडत लंगडत काकांपाशी गेली. त्यांच्या कानांवरचा एक हात ओढला.

"काका, हिची आई खणात आहे."

काकांनी दुसराही हात काढला. काय आश्चर्य! सगळीकडे शांत शांत. काकांना टिचकीचं रडणं ऐकू आलं.

"आगं बाई," काका म्हणाले. "म्या लावला की गं तो खण! म्याच."

काका चटकन खाली बसले. पोट आवरून बसले. चाकाकडे पाहिलं. पट्टीकडे पाहिलं. मिशी ओढली. एकदा ओढली, दोनदा ओढली.

आणि त्यांना सुचलं!

औषधाची एक रिकामी बाटली होती. तिला रबराचं बूच होतं. काकांनी बूच काढलं. टुप्! कात्री घेतली. कच् कच् कच्! बुचाची चकती झाली. चकतीला मधोमध भोक पाडलं. झालं कडं! चाकातून दांड्याचं टोक बाहेर आलं होतं. त्या टोकावर काकांनी कडं चढवलं. पुक्!

कडं म्हणालं, "चाकदादा, मी तुला धरीन. पण बांधणार नाही. तू फिर खुशाल."

बकुळी थांबली,
तसं काकांनी कडं केलं.
काकांनी कडं केलं,
तशी पट्टी सुटली. सर्रर्र!
पट्टी सुटली,
तसं चाक फिरलं. गर्र गर्र!
चाक फिरलं,
तशी ट्रॉली सरकली. घरंगळ घरंगळ!
ट्रॉली सरकली,
तसा खण उघडला. खट्!

खणात कापूस होता. पांढरा, मऊ, गुबगुबीत. आणि काहीच हलत नव्हतं.



काकांनी तळहात पुढे केला. टिचकी हातावर चढली. हातावरून कापसात उतरली. नाक पुढे केलं.

"आई?"

काही नाही.

"आई, मी आलेय."

काही नाही.

"आई, मी आता शेपूट सोडणार नाही."

कापूस हलला. एवढासा. त्यातून एक शेपूट बाहेर आलं. टिचकीनं ते तोंडात धरलं. घट्ट, घट्ट!

मग लांब नाक बाहेर आलं. मग मोहरीएवढे दोन डोळे. आईनं टिचकीला हुंगलं. डोकं हुंगलं, पोट हुंगलं, धुळीचं नाक हुंगलं.

आई अगदी हळू म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही, बाळा. खण लागला."

टिचकी म्हणाली, "म्हम्."

तोंडात शेपूट! बोलणार कशी?

मग कापूस आला. त्यानं बकुळीचा गुडघा पुसला. पट्टी स्वच्छ धुऊन आली, गुडघ्यावर बसली. पट्टीला फार बरं वाटलं. चाकावर तिला मुळीच करमत नव्हतं.

आणि हैबतकाका? त्यांनी बुचं गोळा केली. कच् कच्, पुक्! ट्रॉलीच्या चारी चाकांना कडी. चाकांच्या खुर्चीला कडी. सलाईनच्या उंच दांडीच्या चाकांनाही कडी. काकांनी खणाला एक छोटं भोकही पाडलं. अंगठ्याएवढं. आत कुणी अडकलं, तर त्याला बाहेर येता यावं म्हणून. आणि आता खण लावण्याआधी काका पोट बाजूला करून वाकतात आणि विचारतात, "कोण हाय का आत?"

घड्याळाची पट्टी तेवढी तशीच आहे.

केसपेपर घेऊन बकुळीची आई आली. बकुळीनं तिच्या साडीचा पदर धरला. दोघी दाराकडे निघाल्या. आई पुढे, बकुळी मागे.

कोपऱ्यातून आणखी दोघी निघाल्या. आई पुढे, टिचकी मागे. तुरुतुरु, लुटुलुटु.

आणि आपण दोघं? मी पुढे, तू मागे. धर बरं माझं बोट. घट्ट धर.

सुटलंच कधी, तर मी तुला शोधत येईन.