सासऱ्यांनी धाडलेली पोथी

राजा भूपतरावांनी पोथी तीनदा ऐकली आणि डोक्यात काही म्हणता काही राहिलं नाही! बरं, पोथी साधीसुधी नव्हती, सासऱ्यांनी भेट पाठवलेली होती. आणि सासरे स्वतः उद्या येणार होते. पंगतीत सगळ्यांसमोर विचारणार होते, "काय जावईबापू, पोथीत काय सांगितलंय?"

पोथी ऐकायची रीत ठरलेली होती. कृष्णंभट पुराणिकांनी वाचायचं आणि महाराजांनी "हूं" म्हणत हुंकार द्यायचा. महाराज त्यात इतके सराईत झाले होते की गाढ झोपेतही त्यांचा हुंकार चुकत नसे! दरबारी मंडळींनी उपाय केले. टाळूवर ब्राह्मीचं तेल थापलं, पोथी उशीखाली ठेवली. महाराजांची मान तेवढी अवघडली.

"दोष वाचणाऱ्याचा!" महाराज गरजले. "भटजी, उद्या सकाळपर्यंत अख्खी पोथी माझ्या डोक्यात उतरली पाहिजे, नाहीतर राज्याबाहेर चालते व्हा! आणि खबरदार, पुन्हा एक अक्षर वाचाल तर!"

पुराणिकबुवांनी पोथी मिटून ठेवली. या वयात घरदार सोडून जायचं कुठे? तेवढ्यात त्यांची मुलगी बनू पुढे झाली.

"मी उतरवते, महाराज. न वाचता! फक्त तुम्ही हुंकार द्यायचा नाही."

"कबूल!"

बनूने पोथी मिटलेलीच मांडीवर घेतली. "एक राजपुत्र दिवसभर झोपायचा. देव त्याच्यावर प्रसन्न झाले आणि त्याला दुसरं राज्य मिळालं."

"दुसरं?" महाराज ताडकन उठून बसले. "अगं, होतं तेही गेलं! झोपेतही एवढं कानावर पडलंय माझ्या!"

"असं? मग शेजारच्या राजाने जिंकलं असेल."

"छे! त्याच्याच प्रधानाने गिळलं! राज्याचा शिक्का प्रधानाच्या हाती देऊन हा पठ्ठ्या लोळत पडला होता!"

"मग त्याच्या बायकोने काय केलं?"

महाराज अडखळले. "बायकोने... बायको होती खरी. उघड ती पोथी! वाच तेवढं पान!"

"वाचायची मनाई आहे, महाराज."

"मनाई गेली खड्ड्यात! वाच!"

बनूने वाचलं. राजपुत्राची बायको कंटाळून माहेरी निघून गेली होती. महाराजांनी राणीसाहेबांच्या रिकाम्या आसनाकडे पाहिलं. राणीसाहेब दिवाळीपासून माहेरीच होत्या!

"म्हणजे... हा झोपाळू मीच की!"

राज्याचा शिक्का कमरेला लावलेले कोपऱ्यातले प्रधानजी उगाचच खोकू लागले.

दुसऱ्या दिवशी पंगतीत सासऱ्यांनी विचारलंच. महाराजांनी गोष्ट घडाघडा सांगितली आणि वर म्हणाले, "मामासाहेब, शिक्का आता माझ्या कमरेला आहे. लेकीला परत धाडा." सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

मग महाराजांनी बनूला बोलावलं. "पोरी, तू तर पोथी सगळी चुकीची सांगितलीस! बक्षीस कशाचं देऊ?"

"महाराज, बरोबर सांगणारा बोलू लागला की दरबाराला डुलकी लागते. चुकणारा सापडला की सगळे खडबडून जागे होतात!"

महाराज पोट धरधरून हसले. त्यांनी पुराणिकबुवांना शालजोडी दिली, आणि बनूला प्रधानजींच्या शेजारी आसन दिलं, रोज काहीतरी चुकीचं सांगण्यासाठी!