बर्फाला तीट

फार उत्तरेला, जिथे समुद्रही गोठतो, तिथल्या एका गावात एक नाखवा राहत असे. त्याला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलगा शिकारीत तरबेज. मुलीला मात्र भलताच नाद होता. सीलच्या चरबीत काजळी कालवायची, बर्फाच्या लाद्यांवर काळे ठिपके द्यायचे आणि त्या वाहत कुठे जातात ते टेकडीवरून बघत बसायचे. पलीकडच्या खाडीतले कोळी भेटले की त्यांनाही ती विचारी, "माझी ठिपक्याची लादी कुठे दिसली का?"

गाव हसे. "नाखव्याची लेक बर्फाला तीट लावते," बायका म्हणत. नाखवा मान खाली घालून जाळी विणत राही. त्याला लाज वाटे, हे खरेच आहे.

एकदा शिकारीला गेलेल्या मुलाच्या पायाखालची लादी तुटली आणि त्याला घेऊन समुद्रात निघाली. त्यातच धुके उतरले. गावात मोठी होडी एकच. ती चुकीच्या दिशेला गेली असती, तर मुलगा हातचा गेला असता.

गावाची रीत ठरलेली होती. वारा जाईल तिकडे शोधायचे. त्या रीतीने माणसे क्वचितच सापडत, तरी रीत कुणी मोडली नव्हती.

"वारा उत्तरेला चाललाय. होडी उत्तरेलाच घाल," म्हातारे नाखव्याला म्हणाले.

मुलगी पुढे आली. "बाबा, वारा नुसता बर्फाचा माथा ढकलतो. लादीचं बहुतेक अंग पाण्यात असतं, त्याला खालचा प्रवाह ओढतो. माझी एकही लादी सरळ वाऱ्यामागे गेली नाही. सगळ्या उजवीकडे वळल्या. होडी ईशान्येला घ्या."

"आणि तू चुकलीस तर?"

"तर दादा जाईल. म्हणून तर इतकं बघून सांगतेय."

नाखवा म्हाताऱ्यांकडे वळला. "माझा भाऊ असाच गेला. तेव्हा आपण वाऱ्यामागेच गेलो होतो," एवढे बोलून त्याने लेकीला होडीत घेतले आणि सुकाणू ईशान्येला वळवले.

बऱ्याच वेळाने धुक्यातून हाकेला ओ आली. मुलगा गारठला होता, पण जिवंत होता.

त्या गावात सुकाणू धरणारा होडीतून आधी उतरतो. किनाऱ्यावर सारे गाव जमले होते. नाखवा जागचा हलला नाही. त्याने लेकीला पुढे केले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आज होडी हिने नेली. माझी मुलगी आहे ही."

तात्पर्य: समुद्राला आपली रीत शिकवू नये, त्याची चाल बघून आपली रीत बदलावी, आणि अशी बघणारी लेक घरात असेल, तर मान ताठ ठेवून चालावे.